राखणीचा कुत्रा (जुन्नर–आंबेगाव)

पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील जुन्नर व आंबेगाव तालुक्यांत वस्ती, गोठा, शेत आणि मेंढ्यांचा वाडा राखणारा गावठी कुत्रा. ही ठरावीक जात नव्हे. मध्यम बांधा, आखूड केस, लांबट तोंड, उभे किंवा टोकाशी मोडलेले कान आणि पाठीवर वळलेली शेपटी अशी त्याची साधारण ठेवण असते. रंग तांबूस, काळा किंवा ठिपक्यांचा असतो. मोत्या, वाघ्या, राजा, खंड्या ही नावे घरोघरी आढळतात. दिवसा तो बहुधा मोकळा हिंडतो आणि रात्री ओट्यावर, गोठ्याच्या तोंडाशी किंवा कांद्याच्या चाळीजवळ बसतो. देशात पुष्कळ ठिकाणी गावठी कुत्र्याचे काम चोर, डुकरे व परक्या गुरांना हुसकावण्यापुरते असते. इथे त्याला बिबट्याच्या शेजारात राहावे लागते. त्यामुळे त्याचा स्वभाव, त्याचे भुंकणे आणि त्याला लावायची शिस्त या गोष्टी घराच्या सुरक्षिततेशी थेट जोडलेल्या आहेत.

या शेजाराचे मूळ पाण्यात आहे. दोन्ही तालुक्यांचा पश्चिम भाग सह्याद्रीच्या डोंगरांचा आहे. नाणेघाट, माळशेज आणि भीमाशंकरचे रान तिकडे येते. पूर्वेला कुकडी, मीना व घोड या नद्यांची सपाटी आहे. माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही धरणे झाली, कालवे फिरले आणि जिरायती शिवारात ऊस उभा राहिला. जुन्नरचा विघ्नहर आणि आंबेगावचा भीमाशंकर हे सहकारी साखर कारखाने या उसावरच चालतात. वर्ष-दीड वर्ष उभे राहणारे, दाट, सावलीचे आणि पाण्याजवळचे हे पीक बिबट्याला लपायला व पिल्ले घालायला पुरते. उसात जन्मलेला बिबट्या तिथेच वाढतो. त्याला डोंगर माहीत असतोच असे नाही.

२००१ ते २००३ या काळात जुन्नर वनविभागात माणसांवरील हल्ले अचानक वाढले. पकडलेले बिबटे दुसरीकडे नेऊन सोडण्याची पद्धत तेव्हा रूढ झाली होती. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार १९९३ ते २००१ या वर्षांत हल्ल्यांची वार्षिक सरासरी ४ होती, ती या दोन-तीन वर्षांत १७ वर गेली. पकडून सोडण्याने प्रश्न सुटला नाही, उलट चिघळला, हा त्या अभ्यासाचा निष्कर्ष. माणिकडोहचे बिबट निवारा केंद्र याच धामधुमीत, २००२ मध्ये उभे राहिले.

कुत्र्याचे या साखळीतले स्थान जुन्नरला लागून असलेल्या अकोले तालुक्यात मोजले गेले. अत्रेय यांच्याच गटाने बिबट्यांची विष्ठा तपासून त्यांचा आहार काढला. वजनाच्या हिशोबाने ८७ टक्के भक्ष्य माणसाच्या आसपास राहणाऱ्या पाळीव प्राण्यांचे होते. त्यात कुत्री ३९ टक्के, मांजरे १५ टक्के आणि शेळ्या अवघ्या ११ टक्के. त्या भागात शेळ्यांची संख्या कुत्र्यांच्या सातपट होती, तरी हे प्रमाण. बिबट्याची आवडनिवड इथे फारशी कामाची नाही. शेळी संध्याकाळी कोंडली जाते आणि कुत्रा बाहेर राहतो, एवढाच फरक आहे. राखणीच्या कुत्र्याविषयी जे काही ठरवायचे ते या एका फरकापासून सुरू करावे लागते.

स्वभाव. गावठी कुत्र्याला भित्रा म्हणून हिणवले जाते. हा शेरा त्याच्यावर अन्याय करणारा आहे. परक्या गोष्टीपासून अंतर राखणे, आधी भुंकणे, मग मागे सरणे आणि पाठीशी माणूस असेल तर पुन्हा पुढे येणे, अशी त्याच्या वागण्याची चाल असते. हजारो पिढ्या वस्तीच्या कडेला राहून ही चाल घडली आहे. निवडीचा चाप किती कडक असतो ते कोलकात्याच्या आयसर संस्थेतील अनिंदिता भद्र यांच्या गटाने दाखवून दिले. पश्चिम बंगालमधील मोकाट कुत्र्यांच्या पिल्लांपैकी फक्त १९ टक्के पिल्ले सात महिन्यांची होईपर्यंत जगली. जी जगतात ती सावध असतात आणि माणसाला अचूक ओळखतात. याच गटाला असेही आढळले की अनोळखी माणसाने पुन्हा पुन्हा खाऊ दिला त्यापेक्षा पुन्हा पुन्हा कुरवाळले तर ही कुत्री त्याच्यावर अधिक विश्वास टाकतात. वस्तीवरच्या कुत्र्याला भाकरी टाकली म्हणजे तो आपला झाला, असे मानणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

भुंकणे. बुडापेस्टमधील संशोधकांनी हंगेरीच्या मूडी जातीच्या कुत्र्यांचे भुंकणे ध्वनिमुद्रित करून लोकांना ऐकवले. खालच्या पट्टीतले, खरखरीत आणि भराभर येणारे भुंकणे लोकांनी आक्रमक म्हणून ओळखले. उंच आणि सुट्या अंतराने येणारे भुंकणे त्यांना भीतीचे वाटले. ज्यांनी कधी कुत्रा पाळला नव्हता त्यांनाही हे बऱ्यापैकी जमले. उसाकाठच्या वस्त्यांवर ही जाण कितीतरी बारीक झालेली आहे. रस्त्याने जाणाऱ्या दुचाकीवरचे भुंकणे वेगळे, घुशीमागचे वेगळे आणि बिबट्याची चाहूल लागल्यावरचे वेगळे, असे घरातली म्हातारी माणसे अंथरुणातूनच सांगतात. शेवटच्या प्रकारात कुत्रा एकाच दिशेला तोंड करून भुंकतो, एकेक पाऊल मागे येतो, मानेपासून शेपटीपर्यंतचे केस उभे राहतात आणि मध्येच आवाज कण्हण्यासारखा होतो. पुष्कळदा तो भुंकणे एकदम थांबवून शेपटी पोटाशी घेत घरात शिरतो, खाटेखाली बसतो आणि हाकलले तरी हलत नाही. त्या क्षणी त्याने आपले राखणीचे काम पूर्ण केलेले असते. नाकाने आणि कानाने त्याला जे कळले ते माणसाला बॅटरी मारूनही दिसणार नाही.

म्हणून ‘छू’ म्हणून कुत्र्याला उसाकडे पिटाळण्याची सवय या भागात सर्वांत आधी मोडायला हवी. शेतीची वीज रात्रीच्या पाळीत आली की शेतकरी उसाला पाणी द्यायला निघतो आणि कुत्रा आपणहून मागे लागतो. दारे धरताना कुत्रा अडला, बांधावरच थबकला, तर त्याला ढकलू नये. माणसाने त्याच्याबरोबर थांबावे, बॅटरी चौफेर फिरवावी, मोठ्याने बोलावे आणि मागे यावे. बिबट्याशी झुंजणे एकट्या कुत्र्याच्या आवाक्यातले नाही. बिबट्या दबा धरून येतो, गळा किंवा मान धरतो आणि भक्ष्य उचलून नेतो. पुष्कळ वेळा कुत्र्याला ओरडायलाही सवड मिळत नाही.

खिळ्यांचा पट्टा. गळ्यावरच्या या पकडीला उत्तर म्हणून मेंढपाळांनी कुत्र्याच्या गळ्यात पट्टा घातला. जाड चामड्याची किंवा पत्र्याची रुंद पट्टी, तिला बाहेरच्या बाजूने टोके काढलेले लोखंडी खिळे आणि आतून खिळ्यांची डोकी मानेला घासू नयेत म्हणून कापडाचे किंवा चामड्याचे अस्तर. पट्टा फार सैल असला तर फिरतो आणि टोके खाली जातात. फार घट्ट असला तर गळ्याचे केस झडून जखम होते. दोन बोटे आत जातील इतकी जागा ठेवतात. बिबट्याने गळा धरला तर खिळे टाळूला आणि जिभेला टोचतात, पकड सुटते आणि कुत्र्याला निसटायला क्षणभर मिळतो. पट्टा एवढेच करतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये शेजारच्या शिरूर तालुक्यातील पिंपरखेड येथे लागोपाठच्या जीवघेण्या हल्ल्यांनंतर गावकरी स्वतःच्याच गळ्यात असे पट्टे अडकवून शेतात जाऊ लागले. मेंढपाळाने कुत्र्यासाठी केलेली वस्तू माणसाने स्वतःसाठी उचलावी, यावरून त्या गावावर काय वेळ आली होती ते कळते.

वाड्यावरचा कुत्रा. कापणी झालेल्या रानात धनगरांचे वाडे उतरतात आणि शेतकरी खतासाठी मेंढ्या बसवून घेतो. संध्याकाळी वाघर म्हणजे जाळे लावून कळप आत घेतला जातो. पुरुष कडेला घोंगडी टाकतात आणि कुत्री माणसे व जाळे यांच्या मधल्या पट्ट्यात पसरतात. ती एका जागी गोळा होत नाहीत, प्रत्येकाची बाजू ठरल्यासारखी असते. या कुत्र्यांना कोणी वेगळे शिकवत नाही. पिल्लू डोळे उघडते तेव्हापासून त्याच्याभोवती कोकरे असतात, ते त्यांच्या उबेत झोपते, त्यांच्या वासात वाढते. खेळता खेळता कोकराचा पाय धरला की त्याला लगेच दटावले जाते. अमेरिकेत रेमंड आणि लोर्ना कॉपिंजर यांनी १९७० च्या दशकात युरोप-आशियातील मेंढपाळांकडून कुत्री नेऊन कळपराखणीचा अभ्यास केला. राखणदार कुत्रा लहानपणीच्या सहवासातून घडतो, हेच त्यांच्याही हाती लागले. कळपाला तो आपले गणगोत मानतो, म्हणून कळपात राहतो आणि आगंतुकावर भुंकतो. धनगरांच्या खंडोबाच्या मूर्तीशेजारी आणि टाकांवर कुत्रा असतो, त्यामुळे वाड्यावर कुत्र्याला मानही आहे. जुन्नर तालुक्यातील धामणखेलचा खंडोबा याच परंपरेतला.

शिस्त. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी अमेरिकेतील जॅक्सन प्रयोगशाळेत वर्षानुवर्षे केलेल्या प्रयोगांचे पुस्तक १९६५ मध्ये आले. पिल्लाच्या तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात माणसाशी आणि इतर प्राण्यांशी नाते जुळते, पुढे ते जुळवणे अवघड जाते, हा त्यांचा मुख्य निष्कर्ष आजही टिकून आहे. वस्तीवर पिल्लू आणायचे तर या मुदतीत त्याची शेळ्या, वासरे, कोंबड्या, ट्रॅक्टर, पंपाचा आवाज आणि घरातली लहान मुले यांच्याशी ओळख व्हावी. आईपासून मात्र ते आठ आठवड्यांच्या आधी तोडू नये.

या भागात एकच गोष्ट शिकवायची असेल तर ती हाकेला परत येणे. ‘यू यू’ किंवा नाव, हाक कोणतीही चालते, पण ती एकच असावी आणि घरातल्या सर्वांनी तीच वापरावी. पिल्लू आले की त्याच क्षणी भाकरीचा तुकडा किंवा पाठीवर हात. दोन-चार सेकंद उलटले की बक्षीस कशाचे हे कुत्र्याला उमगत नाही. रागावण्यालाही हेच लागू आहे. तासाभराने घरी आलेल्या कुत्र्याला काठी बसली तर तो एवढेच शिकतो की घरी येणे धोक्याचे आहे. पुढच्या वेळी तो अंधारात, उसाच्या कडेला घुटमळत राहतो. बिबट्याच्या मुलखात या चुकीची किंमत कुत्रा जिवाने मोजतो. रोजचे मुख्य खाणे दिवस मावळताना आणि जिथे त्याने रात्र काढायची तिथेच दिले, तर काही आठवड्यांत तो आपणहून त्या वेळी त्या जागी येऊन बसतो.

रात्रीची जागा हा खरा कळीचा मुद्दा आहे. उघड्या अंगणात खुंटीला साखळीने बांधलेला कुत्रा ना पळू शकतो ना लपू शकतो. भुंकून तो बिबट्याला आपला ठावठिकाणा तेवढा देतो. घराच्या दाराशी बांधला तर बिबट्याही दारापर्यंत येतो आणि तिथे मुले झोपलेली असतात. गोठ्याला वरूनही जाळी हवी, कारण बिबट्या भिंत सहज चढतो. त्याच जाळीत कुत्र्याला मोकळा ठेवला तर त्याचे कान-नाक चालू राहतात, आवाज घरात पोहोचतो आणि त्याचा जीवही वाचतो. शेळ्यांच्या बाबतीत जे शहाणपण घरोघरी पाळले जाते ते कुत्र्याच्याही वाट्याला यावे.

माणसाला चावणारा कुत्रा बहुधा आधी सांगून चावतो. झोप नसताना जांभई, पुन्हा पुन्हा ओठ चाटणे, तोंड फिरवणे, डोळ्याचा पांढरा भाग दिसणे आणि मग अंग ताठ होणे, या त्याच्या पायऱ्या. ताठ उभी शेपटी हलते आहे म्हणजे कुत्रा खूश आहे, असे नव्हे. गुरगुरण्याबद्दल मारू नये. मार खाऊन गुरगुरणे थांबते, भीती तशीच राहते आणि मग कुत्रा न सांगता चावू लागतो. खाणाऱ्या कुत्र्याजवळ आणि व्यायलेल्या कुत्रीजवळ मुलांना जाऊ देऊ नये.

आरोग्य. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाभोवतीचे बिबटे वर्षाला सुमारे १५०० कुत्री खातात आणि त्यामुळे कुत्री चावण्याचे प्रमाण घटते, असा अंदाज २०१८ मध्ये मांडला गेला. त्याच वर्षी गीरमधील सिंहांच्या मृत्यूंत डिस्टेंपरचा विषाणू सापडला. हा विषाणू कुत्र्यांमध्येही असतो. जिथे बिबट्याच्या पोटात सर्वांत जास्त कुत्रीच जातात तिथे वस्तीवरच्या पिल्लाला डिस्टेंपर व रेबीजच्या लसी टोचणे हे वन्यजीवरक्षणाचेही काम ठरते. कुत्रा चावल्यास जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुऊन त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात रेबीजची लस सुरू करावी. तिखट, हळद किंवा चुना जखमेत भरू नये. बिबट्याच्या तावडीतून सुटलेल्या कुत्र्याच्या मानेवरील सुळ्यांची भोके बाहेरून लहान दिसतात, पण आत पू धरतो. ती टाके घालून बंद न करता पशुवैद्याकडून साफ करून घ्यावी लागतात.

ऊसतोडीच्या हंगामात, साधारण नोव्हेंबरपासून पुढे, फड रिकामे होतात, लपण तुटते आणि बिबटे, विशेषतः पिल्लांसह मादी, एका शेतातून दुसऱ्या शेतात सरकत राहतात. या महिन्यांत कुत्र्यांचे भुंकणे नेहमीच्या वेळा आणि दिशा सोडून होऊ लागते. ज्या बाजूला ते सलग दोन-तीन रात्री होते तिकडचे गवत काढणे, जनावरांचा मुक्काम हलवणे, मुलांना एकटे न सोडणे आणि वनखात्याला कळवणे, ही कामे दुसऱ्या दिवशी उजेडातच उरकावी लागतात.