राण्याचे आमंत्रण

बीड जिल्ह्याची उत्तर सीमा गोदावरीने आखलेली आहे. गेवराई तालुक्यातील राक्षसभुवनाच्या घाटावर उभे राहिले असता पायांना जे पाणी लागते, ते संत एकनाथांच्या पैठणचा तीर शिवून आलेले असते. त्यामुळे १९३५ साली पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीने व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाखाली एकनाथांचे चरित्र पडद्यावर आणले, तेव्हा त्या कथेची मूळ भूमी पुण्याहून कितीतरी अधिक जवळ, निजामाच्या अमलाखालील या मुलखाला लागूनच होती. बीड शहरात बिंदुसरेकाठी जनीजनार्दनांचे पाटांगण आहे, अंबेजोगाईस पासोडीकार दासोपंतांची समाधी आहे. नाथांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पंचकातले हे दोघे याच मातीत विसावले.

चित्रपटाचे मूळ नाव ‘महात्मा’. गांधीजींच्या नावाशी त्याचा संबंध लागतो, या कारणास्तव सेन्सॉरने हरकत घेतली आणि ‘धर्मात्मा’ हे नाव आले. स्त्रीभूमिकांनी महाराष्ट्राला मोहिनी घालणारे बालगंधर्व त्यात एकनाथ झाले. अस्पृश्याच्या घरी पानावर बसल्यामुळे वाळीत पडलेला हा ब्राह्मण, त्याच्याविरुद्ध उभा ठाकलेला मठाधिपती आणि बापाच्या वर्तनाने व्यथित झालेला पुत्र हरिपंडित, यांच्या संघर्षातून कथा पुढे सरकते.

संतचरित्रकार महिपतीने सांगितलेल्या याच भोजनाच्या कथेत मात्र एक विलक्षण आडोसा आहे. राण्या महार आणि त्याची पत्नी नाथांना भोजनास बोलावतात, नाथ ते स्वीकारतात, आणि पाळतीवर बसलेल्यांना नाथ एकाच वेळी स्वगृही व राण्याच्या घरीही दिसतात. महारवाड्यात जेवला तो नाथांच्या रूपातला देव. पंक्तिभेद मोडल्याचा आनंदही मिळावा आणि मोडला नाही हा दिलासाही राहावा, अशी ही योजना मला नेहमीच खटकत आली आहे.

त्याहूनही, आपण अतिथीची थोरवी गातो आणि यजमानाला विसरतो, याचे दुःख मोठे आहे. नाथांनी गमावला तो पंक्तिव्यवहार. प्रायश्चित्ताने तो परत मिळण्याजोगा होता. परंतु वतनी महाराची भाकर, बलुते, हाडकी-हाडोळ्याची वतनजमीन हे सारे पाटलाच्या मर्जीवर आणि गावाच्या रोषावर टांगलेले. ज्या घराला गावच्या पाणवठ्यावर घडा भरण्याची मुभा नव्हती, त्या घरातील बाईने अंगण सारवून ब्राह्मणासाठी पान मांडायचे ठरवले, हे धैर्य कोणत्या तराजूत तोलावे? नाथांना ते उमगले असावे. एरवी ‘जोहार’ ही भारुडे रचताना त्यांनी चावडीवरच्या कारभाराची भाषा घेऊन स्वतः महाराच्या मुखाने बोलणे पत्करले नसते.

चित्रपटाच्या त्याच वर्षी, १३ ऑक्टोबरला, डॉ. आंबेडकरांनी येवल्यास धर्मांतराची घोषणा केली. पडद्यावर नाथ महारवाड्याकडे निघाले होते, आणि महारवाडा पाहुण्याची वाट पाहणे सोडून उठला होता.