तळटीप : तेरणानगर

तेरणानगर : ढोकी (जि. धाराशिव) येथील शेतकरी सहकारी साखर कारखान्याभोवतीची वसाहत, नाव तेरणा नदीवरून. अशा वसाहती महाराष्ट्रात पुढे बऱ्याच झाल्या. त्यांचा पहिला नमुना अहिल्यानगर जिल्ह्यातले प्रवरानगर, आणि ते उभे राहिले लोणी बुद्रुकच्या विठ्ठलराव विखे पाटील (निधन 1980) या शेतकऱ्यामुळे.

विखे पाटलांचे शिक्षण जेमतेम. शेतकऱ्याचे कर्ज मात्र त्यांना अगदी जवळून ठाऊक होते. 1923 साली त्यांनी गावात सहकारी पतपेढी काढली. साखर कारखान्यासाठी ते गावोगाव फिरले, अवर्षणाने पिचलेल्या कुणब्यांकडून भागभांडवल गोळा केले. अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ अध्यक्ष झाले, वैकुंठभाई मेहता पाठीशी राहिले. या थोरांची नावे पुस्तकांत ठळक येतात; दारोदार पैसा मागणाऱ्याचे श्रम दोन ओळींत उरकले जातात, हे संपादकाला अन्यायाचे वाटते.

प्रवरानगरच्या कारखान्याची नोंदणी 1948 ची, पहिला गळीत हंगाम 1950-51 चा. नोंदणीच्या वर्षी सप्टेंबरपर्यंत ढोकी निजामाच्या राज्यात होती; हा नमुना तिथे पुढेच पोचला.

मग वजनकाट्यापुढे उसाच्या बैलगाड्यांची रांग, आवारात मळीचा उग्र वास, पलीकडे कामगारांची घरे. पुढे शाळा, दवाखाना. ऊस घालणाराच कारखान्याचा मालक आणि सभेत प्रत्येकाला एकच मत, मग त्याचे भाग कितीही असोत. ढोकीच्या कारखान्याची रचनाही याच तत्त्वावरची. विखे पाटलांना 1961 मध्ये पद्मश्री मिळाली.