रेड झोन म्हणजे काय?

लष्कराच्या दारूगोळा कोठाराभोवतीचा बांधकामास बंदी असलेला पट्टा ‘रेड झोन’ म्हणून ओळखला जातो. १९०३ च्या ‘वर्क्स ऑफ डिफेन्स’ कायद्यान्वये तो अधिसूचित होतो. मावळच्या वेशीवरील देहूरोड कोठारासाठी २००० यार्डांची, म्हणजे सुमारे १.८३ किलोमीटरची मर्यादा ठरविण्यात आली.

सुरक्षित अंतर स्फोटकांच्या वजनाच्या घनमुळाच्या प्रमाणात वाढते. साठा आठपट झाला, तर अंतर दुप्पट लागते. म्हणूनच सारा साठा एके ठिकाणी न ठेवता मातीच्या भरावांनी विलग केलेल्या कोठ्यांत विभागतात.

या परिसरात भूखंड घेण्यापूर्वी अधिसूचना व मोजणीचा नकाशा अवश्य तपासावा. सातबारावर नाव लागले, म्हणजे बांधकामाचा हक्क मिळाला असे नव्हे.