माणसाबरोबर चालणारा विमा

वसई, मुंबई आणि गोव्यातील कितीतरी ख्रिस्ती कुटुंबांतील मुले आज कॅनडात स्थायिक झाली आहेत. त्यांच्या बोलण्यात एका साध्या कार्डाचा उल्लेख येतो. प्रांताच्या सरकारने दिलेले हे कार्ड दाखवले की डॉक्टरकडे वा इस्पितळात उपचारांचे पैसे मोजावे लागत नाहीत. नोकरी सुटली तरी कार्ड राहते. बिऱ्हाड एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात हलवले तर नव्या प्रांताची हमी सुरू होईपर्यंत, म्हणजे जास्तीत जास्त तीन महिने, जुना प्रांत खर्च सोसतो. आजारपणाची हमी मालकाशी न बांधता माणसाशी बांधणारी ही व्यवस्था सहजासहजी उभी राहिलेली नाही. तिच्यामागे दीर्घ झगडा आहे आणि त्या झगड्यात श्रद्धावान ख्रिस्ती माणसे दोन्ही बाजूंना उभी होती. म्हणूनच तो इतिहास आपण जाणून घेण्यासारखा आहे.

या कथेचा आरंभ सस्कॅचेवान या प्रांतात होतो. अफाट गव्हाची शेते, विखुरलेली वस्ती आणि कडाक्याचा हिवाळा असा हा मुलूख. १९१४ साली तेथील सार्निया नावाच्या ग्रामीण विभागातील शेतकऱ्यांनी, आपला डॉक्टर निघून जाऊ नये म्हणून, स्थानिक करातून त्याला वार्षिक वेतन देऊ केले. पुढे इतर गावांनीही हा मार्ग धरला. १९३० नंतर मंदी आणि दुष्काळ यांनी शेतकरी पार खचला, तेव्हा आजारपणाचा खर्च एकट्याने पेलणे अशक्य आहे ही जाणीव घरोघर पोहोचली.

त्याच काळात वेबर्न या गावी टॉमी डग्लस नावाचा तरुण बॅप्टिस्ट पाळक सेवा करीत होता. बालपणी हाडाच्या विकारामुळे त्याचा पाय कापण्याची वेळ आली होती. घरची गरिबी. एका शल्यविशारदाने, विद्यार्थ्यांना शस्त्रक्रिया पाहू द्यावी एवढ्याच अटीवर, त्याच्यावर विनामूल्य उपचार केले आणि पाय वाचला. आपला पाय केवळ योगायोगाने वाचला, ही गोष्ट डग्लस कधी विसरले नाहीत. पाळक म्हणून त्यांनी तिशीतील दोन संसारी पुरुषांना मूठमाती दिली. जवळ डॉक्टर नाही आणि हाती पैसा नाही, हे त्या मरणांचे कारण होते.

१९४४ साली डग्लस प्रांताचे मुख्यमंत्री झाले. १ जानेवारी १९४७ पासून त्यांनी सर्व रहिवाशांसाठी इस्पितळ विमा सुरू केला. वर्गणी होती वर्षाला माणशी ५ डॉलर. १९५७ साली केंद्र सरकारने अशा योजनांचा सुमारे निम्मा खर्च उचलण्याचा कायदा केला आणि प्रांताला पुढचे पाऊल टाकणे शक्य झाले. डॉक्टरांच्या फीचाही विमा करणारा कायदा १९६१ साली संमत झाला. डग्लस तोवर राष्ट्रीय राजकारणात गेले होते. अंमलबजावणीचा भार वुड्रो लॉइड यांच्यावर आला.

१ जुलै १९६२ रोजी योजना सुरू झाली आणि त्याच दिवशी प्रांतातील बहुसंख्य डॉक्टरांनी दवाखाने बंद केले. मोजक्या इस्पितळांत तातडीची सेवा तेवढी चालू राहिली. एका शेतकरी जोडप्याचे नऊ महिन्यांचे बाळ, ते डॉक्टरच्या शोधात गाडी हाकीत असता, मेंदूज्वराने दगावले. सरकार डॉक्टर आणि रुग्ण यांच्यामध्ये येईल, आपण सरकारचे नोकर होऊ, अशी डॉक्टरांची भीती होती. ती खोटी नव्हती. परंतु तिची किंमत कोण मोजत होते, हा प्रश्न उरतोच. तेवीस दिवसांनी, इंग्लंडहून आलेल्या लॉर्ड टेलर यांच्या मध्यस्थीने, सॅस्कटून येथे समझोता झाला. डॉक्टर स्वतंत्र राहिले, प्रत्येक सेवेची फी त्यांना मिळत राहिली, मात्र विमा सार्वत्रिक राहिला.

या संघर्षात एक कॅथलिक धर्मगुरू विरोधकांच्या आघाडीवर होते. विल्कॉक्सच्या नॉत्र दाम महाविद्यालयाचे संस्थापक फादर ॲथॉल मरे. त्यांना या योजनेत साम्यवादाची चाहूल लागत होती. जाहीर सभांतून त्यांनी इतकी जहाल भाषा वापरली की अनेकांना धक्का बसला. गोरगरीब मुलांच्या शिक्षणासाठी आयुष्य वेचणाऱ्या माणसाने गोरगरिबांच्या औषधपाण्याच्या योजनेविरुद्ध उभे राहावे, हा इतिहासाचा विपर्यास खरा. पण त्यात दुष्टपणा नव्हता. राज्यसत्तेच्या वाढत्या हातांची धास्ती त्या पिढीतील अनेक सद्भक्तांना होती.

दुसऱ्या बाजूला तितकेच निष्ठावान एक कॅथलिक होते, न्यायमूर्ती एमेट हॉल. पंतप्रधान डीफनबेकर यांनी १९६१ साली नेमलेल्या आरोग्य आयोगाचे ते अध्यक्ष होते. आयोग नेमावा ही मागणी मुळात डॉक्टरांच्या संघटनेची. पुराणमतवादी पक्षाच्या या न्यायाधीशाकडून सौम्य शिफारशींची अपेक्षा होती. हॉल यांनी देशभर साक्षी ऐकल्या आणि १९६४ साली निःसंदिग्ध निष्कर्ष मांडला. सस्कॅचेवानची योजना साऱ्या देशाला लागू करावी. याच दरम्यान, एप्रिल १९६३ मध्ये, पोप तेविसावे जॉन यांनी 'पाचेम इन तेर्रिस' या विश्वपत्रात वैद्यकीय उपचार हा मानवाचा हक्क म्हणून नमूद केला होता. एका न्यायाधीशाचा अहवाल आणि ख्रिस्तसभेची शिकवण निरनिराळ्या वाटांनी एकाच ठिकाणी येऊन पोहोचली.

१९६६ च्या केंद्रीय कायद्यात विमा सर्वांसाठी आणि प्रांत बदलला तरी टिकणारा असावा, या अटी आल्या. १९८४ च्या कायद्याने त्या अधिक पक्क्या केल्या. व्यवस्थेत उणिवा नाहीत असे नव्हे. इस्पितळाबाहेरची औषधे आणि दंतोपचार त्या हमीबाहेर राहिले. तज्ज्ञ डॉक्टरसाठी महिनोन्‌महिने थांबावे लागते. पण नोकरी गेली म्हणून उपचार बुडाले, असे तेथे घडत नाही.

शेजारच्या अमेरिकेने वेगळी वाट धरली. युद्धकाळात, १९४२ साली, वेतनवाढीवर बंधने आली तेव्हा कामगार टिकवण्यासाठी मालकांनी विम्याची सवलत देऊ केली. १९५४ साली तिला करमाफीचा भक्कम आधार मिळाला. तात्पुरता तोडगा कायमची व्यवस्था झाला आणि विमा नोकरीला जखडला गेला. १९९६ आणि २०१० च्या कायद्यांनी ती गाठ सैल केली, सोडवली मात्र नाही.

आपल्याकडे पैशांअभावी कोणी उपचारांना मुकू नये, हे भोर समितीने १९४६ सालीच सांगून ठेवले. २०११ पासून वैयक्तिक विमा एका कंपनीकडून दुसरीकडे नेता येतो. २०१८ च्या आयुष्मान भारत योजनेचे कार्ड परराज्यातील संलग्न इस्पितळातही चालते, पण ते इस्पितळात दाखल होण्यापुरते आणि पात्र कुटुंबांपुरते. कंपनीचा गटविमा तर बहुधा नोकरीबरोबरच संपतो, नेमका उतारवयात, जेव्हा त्याची गरज सर्वाधिक असते.

यरीहोच्या वाटेवर शोमरोन्याने त्या जखमी माणसाचे गाव विचारले नाही, धनीही विचारला नाही. त्याने उतारशाळेच्या रखवालदाराला पैसे दिले आणि अधिक खर्च आला तर परतताना फेडीन असे सांगितले. एका माणसाने एका माणसासाठी केलेली ही गोष्ट सर्वांनी सर्वांसाठी करावी, एवढेच सस्कॅचेवानच्या शेतकऱ्यांनी मागितले होते. आपण ती मागणी आपल्या भूमीत कधी करणार?