एका शाळेचा पट

कामगार चळवळीत आयुष्य गेलेल्या माणसाला हजेरीपट वाचण्याची खोडच लागते. किती माणसे आणि किती जागा, एवढे कळले की कारखान्याची अर्धी हकीकत कळते. शाळेचेही तसेच आहे. म्हणून आज आम्ही एका लहानशा हायस्कुलाच्या पटाचा इतिहास आपल्यापुढे ठेवीत आहोत.

हे हायस्कूल अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात, प्रिन्स एडवर्ड परगण्यातील फार्मव्हिल गावी होते. नाव रॉबर्ट मोटन हायस्कूल. १९३९ साली ते १८० विद्यार्थ्यांसाठी बांधले, आणि तेही केवळ कृष्णवर्णीयांसाठी. गोऱ्यांचे निराळे होते. शिक्षणाची ओढ वाढत गेली आणि बारा वर्षांत पट ४५० च्या वर गेला. तेव्हा कारभाऱ्यांनी आवारात लाकडी खोपटी उभारली व त्यांवर डांबरी कागद ठोकला. छपरे गळत. थंडीत शेगडीजवळची मुले भाजून निघत, लांबची कोट घालून कुडकुडत. गोऱ्यांच्या शाळेत व्यायामशाळा होती, भोजनगृह होते. येथे दोन्ही नव्हती.

पालकांच्या अर्जांना आश्वासनांपलीकडे काही मिळेना. अखेर २३ एप्रिल १९५१ रोजी सोळा वर्षांच्या बार्बरा जॉन्सने विद्यार्थ्यांची सभा भरवली आणि सारी शाळा संपावर गेली. संप सुमारे दोन आठवडे टिकला. मुलांना हवी होती चांगली इमारत. पण ऑलिव्हर हिल व स्पॉट्सवुड रॉबिन्सन या वकिलांनी सांगितले, की लढायचे तर वेगळ्या शाळांच्या पद्धतीशीच लढले पाहिजे. मुलांनी व पालकांनी ते मानले. ११७ विद्यार्थ्यांच्या नावे दावा गुदरला गेला. बार्बराला मात्र जिवाच्या भीतीने दूर काकांच्या आसऱ्याला पाठवावे लागले.

१९५३ साली परगण्याने नवी इमारत दिली. मालक पंखे बसवून देतो, पण युनियनला मान्यता देत नाही, त्यातलाच हा प्रकार. १७ मे १९५४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या व अशाच इतर दाव्यांत वेगळ्या शाळा बेकायदा ठरवल्या. तरी परगणा नमला नाही. १९५९ साली न्यायालयाने एकत्र शाळा भरवण्यास फर्मावताच त्याने शाळांचा पैसाच बंद केला आणि सर्व सार्वजनिक शाळांना कुलपे लागली. गोऱ्यांसाठी खाजगी शाळा निघाली. सुमारे १७०० कृष्णवर्णीय मुले उघड्यावर पडली. काही परगावी नातलगांकडे गेली, काही शेतावर राबली. १९६३ साली देणग्यांवर मोफत शाळा निघाल्या. २५ मे १९६४ रोजी न्यायालयाने पुन्हा बजावले, तेव्हा कुठे कुलपे निघाली.

१८०, ४५० आणि मग शून्य. हे आकडे दैवाने लिहिले नाहीत. बैठकीत बसून माणसांनी लिहिले. आपल्या गावच्या शाळेचा पट घटला वा फुगला, तर मुलांना बोल लावण्यापूर्वी, तो कोणाच्या ठरावाने घडला हे विचारण्याचा हक्क आपणा सर्वांना आहे.