गुत्तेदार : एका मराठवाडी शब्दाचा उलटा प्रवास

१/१५
बीडहून मांजरसुंब्याकडे निघाले की बालाघाटाच्या डोंगररांगेत कपिलधार लागते. तेथे धबधबा आहे आणि संत मन्मथस्वामींची समाधी आहे. कार्तिक पौर्णिमेच्या यात्रेस मराठवाड्यातून, तसेच कर्नाटक व तेलंगणातून भाविक येतात. यात्रा म्हटली की रस्ता, पाणी, निवारा यांची कामे आली, आणि कामे आली की ती घेणारा आला. या मुलखात त्याला म्हणतात ‘गुत्तेदार’. त्या शब्दाचा हा थ्रेड.

२/१५
सरकारी काम अंगावर घेणाऱ्यास मराठीत अनेक नावे आहेत आणि प्रत्येक नावामागे एक राजवट उभी आहे. ‘कंत्राट’ हा शब्द पोर्तुगीजांकडून आला. ‘इजारा’ आणि ‘मक्ता’ यांचे मूळ अरबी. ते सुलतानी आणि मोगली दफ्तरातून मराठीत रुळले. ‘ठेका’ हिंदीशी नाते सांगतो. पुण्याकडे कंत्राटदार, नागपुराकडे ठेकेदार आणि बीड-लातूर-नांदेडकडे गुत्तेदार, अशी साधारण वाटणी आजही कानी पडते.

३/१५
‘गुत्ता’ मात्र दक्षिणेचा आहे. तेलुगूत ‘गुत्त’, कन्नडमध्ये ‘गुत्तिगे’. अर्थ ठराविक रकमेवर घेतलेला हक्क वा काम. कलबुर्गी भागात ‘गुत्तेदार’ हे आडनावही आढळते. कपिलधारची यात्रा ज्या तीन भाषांच्या मुलखातून येते, त्याच मुलखात हा शब्द नांदतो. कारण उघड आहे : हा सारा प्रदेश १९४८ पर्यंत हैदराबादच्या निजामाच्या एकाच राज्यात होता. भाषा तीन होत्या, दफ्तर एक होते.

४/१५
पण त्या काळचा गुत्तेदार रस्ते बांधत नव्हता. तो सरकारला पैसे देत असे! गावाचा वा तालुक्याचा सारा वसूल करण्याचा हक्क तो ठराविक रकमेस घेई. ती रक्कम सरकारात भरली की रयतेकडून जे जास्तीचे निघेल ते त्याचे. अबकारीचा, म्हणजे शिंदी-दारूचा, गुत्ताही असाच चाले. राजाला रोकड आधी मिळे, रयतेचे काय होते ते पाहण्याची तसदी उरत नसे.

५/१५
एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, चंदुलाल यांच्या हाती राज्याची सूत्रे असताना, ही पद्धत कळसाला पोचली. दरबाराला पैशाची चणचण कायमची. म्हणून सावकाराकडून कर्ज घ्यायचे आणि त्याला तालुक्याचा वसूल तोडून द्यायचा. पामर आणि कंपनी ही हैदराबादची पेढी अशाच भरमसाट व्याजाच्या कर्जांसाठी कुप्रसिद्ध झाली. रेसिडेंट चार्ल्स मेटकाफ यांनी तिचे व्यवहार उजेडात आणले; १८२४ मध्ये पेढी बुडाली. पद्धत मात्र बुडाली नाही.

६/१५
दुसरे उदाहरण पेस्तनजी मेहेरजी या पारशी सावकाराचे. वऱ्हाडच्या कापसाच्या व्यापारात त्यांनी मोठे भांडवल गुंतवले, निजाम सरकारला कर्ज दिले आणि बदल्यात वसुलाचे हक्क मिळवले. औरंगाबादच्या टांकसाळीतून निघालेले त्यांच्या नावाचे ‘पेस्तनशाही’ रुपये नाणेसंग्राहकांना आजही ठाऊक आहेत. सरकारचा वसूल आणि सरकारचे नाणे ही दोन्ही खाजगी हाती जाऊ शकतात, याचा हा बोलका पुरावा.

७/१५
१८५३ मध्ये कर्जापोटी वऱ्हाड इंग्रजांकडे गेला आणि त्याच वर्षी पहिले सालारजंग दिवाण झाले. त्यांनी वसुलाचे गुत्ते मोडीत काढले, पगारी अधिकारी नेमले आणि १८६५ मध्ये जिल्ह्यांची नवी रचना केली, तिला जिल्हाबंदी म्हणतात. गंमत शब्दाची पाहा. वसूल मक्त्याने घेणाऱ्यास पूर्वी ‘तालुकदार’ म्हणत. सालारजंगांनी तेच नाव पगारी अधिकाऱ्यास दिले. निजामी राज्यात जिल्हाधिकारी शेवटपर्यंत ‘अव्वल तालुकदार’ म्हणूनच ओळखला जाई.

८/१५
मग सार्वजनिक कामे कोण करीत असे? बीडजवळची खजाना बावडी पाहा. अहमदनगरच्या निजामशाहीत, सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात, सलाबतखानाच्या काळात ती झाली. तिची आखणी राजा भास्कर याची, असे सांगतात. भूमिगत मार्गांनी येणारे पाणी शेतीला पुरवणारी ही रचना आजही अभ्यासाचा विषय आहे. काम उत्तम झाले, पण ते जहागिरीच्या मर्जीवर होते. करावे की नाही, कोठे करावे, हे रयतेने विचारण्याची सोय नव्हती.

९/१५
इंग्रजी मुलखात १८५४-५५ च्या सुमारास सार्वजनिक बांधकाम खाते उभे राहिले. पुढे शेतसाऱ्याच्या रुपयामागे एक आणा ‘लोकल फंड’ म्हणून घेतला जाऊ लागला. लॉर्ड रिपन यांच्या १८८२ च्या ठरावानंतर १८८४ चा मुंबई लोकल बोर्ड कायदा आला आणि जिल्हा व तालुका बोर्डे स्थापन झाली. निजामी राज्यातही शतकाच्या अखेरीस एक आण्याचा कर व बोर्डे आली, पण अध्यक्ष अव्वल तालुकदारच. जामखेड इंग्रजांचे, आष्टी-पाटोदा निजामाचे : सीमा ओलांडली की बोर्ड बदले, आणा तोच.

१०/१५
येथेच शब्द उलटा फिरला. ज्याच्याकडून सरकार पैसे घेई तो गुत्तेदार आता सरकारकडून पैसे घेऊ लागला. या नव्या व्यवसायातले सर्वांत थोर नाव अनेकांना ठाऊक नसते : महात्मा जोतीराव फुले. पुण्याच्या परिसरातील खडकवासला धरण आणि कात्रजचा बोगदा अशा कामांची कंत्राटे त्यांनी घेतली. बांधकाम खात्यातील कारकून व कामगार मजुरांना कसे नाडतात, हे त्यांनी आतून पाहिले आणि लिहिले. सत्यशोधक चळवळीला मुंबईत बळ देणाऱ्यांतही निजामी मुलखातून आलेले तेलुगू कंत्राटदार होते.

११/१५
कामाच्या मोजणीवर माणूस जगतो वा मरतो, हे १८७६-७८ च्या दुष्काळाने दाखवले. दुष्काळी कामांवरील मजुरी सर रिचर्ड टेंपल यांच्या धोरणाने पुरुषामागे एक पौंड धान्य व एक आणा इतकी उतरली. मुंबई इलाख्यात मजुरांनी कामे सोडून निषेध केला. पुणे सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. नंतर दुष्काळ संहिता झाली. तिच्यातही मजुरी खोदलेल्या कामाच्या मापाशी बांधलेली होती. टेप धरणारा हात त्या दिवसापासून महत्त्वाचा ठरला.

१२/१५
सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. वसंतराव नाईक समितीच्या अहवालानंतर १९६१ चा कायदा झाला आणि १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा सुरू झाल्या. कलेक्टरच्या छायेतले बोर्ड संपले. निवडून आलेली बांधकाम समिती आली. रस्ता कोणत्या वाडीला जायचा हे आता मतदाराला विचारता येऊ लागले. त्याच दाराने गुत्तेदारही राजकारणात आला. कामामागे मत आणि मतामागे काम, हे चक्र तालुक्यातालुक्यांत फिरू लागले.

१३/१५
१९७२ च्या दुष्काळात मराठवाडा होरपळला. मे १९७३ मध्ये राज्यात सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती : खडी फोडणे, रस्ते, पाझर तलाव, नालाबंडिंग. त्या अनुभवातून वि. स. पागे यांची रोजगार हमी योजना राज्यभर विस्तारली. १९७७ च्या कायद्याने कामाचा हक्क दिला, तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. तिचा एक नियम इतिहासाच्या दृष्टीने फार बोलका आहे : या कामांवर गुत्तेदार नको. खर्चाचा मोठा वाटा मजुरीचा हवा आणि हजेरीपट सरकारी हवा. २००५ च्या केंद्रीय कायद्यानेही ही बंदी कायम ठेवली.

१४/१५
बाकीची कामे मात्र निविदेने चालतात. अंदाजपत्रक, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश, मोजमाप, देयक : कामाची ही कुंडली. दरसूचीपेक्षा फारच कमी दराने काम घेतले तर तूट कोठून भरून निघणार, हे मुरूम आणि डांबर सांगते. या साऱ्या कागदांत सर्वांत वजनदार वही म्हणजे मोजमाप पुस्तिका, बोलीत ‘एम.बी.’. अभियंता तिच्यात लांबी, रुंदी, जाडी लिहितो आणि त्या आकड्यांवर बिल निघते. चंदुलालांच्या काळी रयतेच्या खळ्यावरचे धान्य कोण मोजतो हा प्रश्न होता. आज रस्त्याची जाडी कोण मोजतो हा आहे.

१५/१५
फरक एकच, पण मोठा. त्या रयतेला मोजणाऱ्याची वही पाहता येत नव्हती. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने नागरिकाला कागद पाहण्याचाच नव्हे, तर कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क दिला. कपिलधारसारख्या ठिकाणी यात्रेचा रस्ता झाला, तर त्याची मोजमाप पुस्तिका गावातला कोणीही तरुण मागू शकतो आणि टेप घेऊन जाडी पडताळू शकतो. गुत्तेदार हा शब्द राजवटी बदलूनही टिकला. वही मात्र आता फक्त त्याच्या आणि साहेबाच्या हाती राहिलेली नाही.