मारलवाईची शाळा आणि पेनांची गुहा

उटनूरच्या डोंगरपट्ट्यातील मारलवाई या गोंड खेड्यात १९४३ साली गोंड शिक्षक तयार करणारे केंद्र सुरू झाले. हा भाग ज्यात येतो तो आदिलाबाद जिल्हा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्याआधी तीनच वर्षे, १९४० मध्ये, संस्थानाविरुद्धच्या गोंड बंडाचा नेता कोमराम भीम आपल्या साथीदारांसह जोडेघाट येथे पोलिसांच्या गोळीबारात मारला गेला होता. हे बंड का पेटले याचा शोध घेण्याची गरज संस्थानाला भासली आणि ते काम क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञाकडे आले. महायुद्धामुळे ते हैदराबाद संस्थानात स्थानबद्ध होते. पत्नी बेट्टी यांच्यासह ते मारलवाईतच झोपडी बांधून राहिले. जमिनीचे पट्टे आणि शाळा या दोन्ही गोष्टी गोंडांच्या हाती आल्याखेरीज असंतोष शमणार नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता.

शाळेपुढचा पहिला प्रश्न भाषेचा होता. संस्थानाची राजभाषा उर्दू होती. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात विज्ञानसुद्धा उर्दूत शिकवले जात होते आणि त्यासाठी खास भाषांतर विभाग होता. गोंड मुलाला मात्र घरी गोंडी आणि बाजारात मराठी एवढेच ऐकू येई. ज्या थोड्या गोंडांना अक्षरओळख होती, ती मराठीतूनच झालेली होती. म्हणून मारलवाईत गोंडीचे तक्ते आणि प्राथमिक पुस्तके देवनागरीत तयार झाली. अर्धशिक्षित गोंड तरुणांना त्यांवर शिकवून शिक्षक करण्यात आले आणि मग आसपासच्या खेड्यांत शाळा निघाल्या. पुढे मराठी इतिहासकार म्हणून नावाजलेले सेतुमाधवराव पगडी हैदराबादच्या प्रशासकीय सेवेत असताना याच भागात काम करीत होते. आदिलाबादच्या गोंडांवरील त्यांचे इंग्रजी पुस्तक १९४९ मध्ये प्रसिद्ध झाले. सरकारी अधिकाऱ्याने गोंडी आणि कोलामी या भाषा स्वतः शिकून त्यांचा अभ्यास करावा, ही गोष्ट त्या काळी दुर्मीळ होती आणि आजही आहे.

शाळेत येणारे मूल कोऱ्या पाटीसारखे येत नसे. गोंडांची पुराणे प्रधान, म्हणजे त्यांचे परंपरागत भाट, सांगतात. कीकरी हे तंतुवाद्य वाजवत, रात्र रात्र. मूळ देव, म्हणजे पेन, एका गुहेत कोंडले गेले होते. पहांडी कुपार लिंगाने त्यांना सोडवले आणि त्यांची चार, पाच, सहा व सात देवांच्या सगांत, म्हणजे कुळसमूहांत, वाटणी केली, ही त्यातली मुख्य कथा. कोणाचे लग्न कोणाशी होऊ शकते, कोणत्या पेर्सा पेनापुढे, म्हणजे कुळदेवापुढे, कोणी बसायचे, मृतासाठी कोणी काय करायचे, हे सारे त्या वाटणीवरून ठरते. केसलापूरच्या नागोबाच्या जत्रेत पौष अमावास्येला मेश्राम कुळाचे लोक गोदावरीचे पाणी पायी आणून पूजा करतात, त्यामागेही हीच कुळव्यवस्था आहे. बाहेरून आलेल्या शिक्षकाने ही कथा खोटी ठरवली, तर मुलाच्या दृष्टीने त्याचे नातेवाईकच खोटे ठरतात. सगा जाणणारा गोंड शिक्षक ही चूक करण्याचा संभव फार कमी. मारलवाईच्या योजनेचे खरे मोल इथे आहे.

शास्त्र आणि श्रद्धा यांची गाठ या जिल्ह्यात तर दगडातच पडलेली आहे. भूशास्त्रज्ञ मेडलिकॉट यांनी १८७२ मध्ये मध्य भारतातील खडकांच्या एका मालिकेला गोंडांच्या प्रदेशावरून ‘गोंडवाना’ हे नाव दिले. पुढे एडवर्ड स्यूस यांनी तेच नाव दक्षिण गोलार्धातील प्राचीन महाभूमीला लावले. प्राणहिता-गोदावरी खोऱ्यातील याच मालिकेत, जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातील यामनपल्लीजवळ, डायनोसॉरची हाडे सापडली. ‘कोटासॉरस यामनपल्लिएन्सिस’ या नावाने त्याचे वर्णन १९८८ मध्ये प्रसिद्ध झाले. सुमारे नऊ मीटर लांबीचा त्याचा सांगाडा हैदराबादच्या बिर्ला विज्ञान संग्रहालयात उभा आहे. खडकाचे वय सांगणे हे भूशास्त्राचे काम आहे. सोयरीक कोणाशी जुळते हे गुहेच्या कथेवरून ठरते. वर्गात दोन्ही सांगता येतात, मात्र एकाचा पुरावा दुसऱ्याला लावता येत नाही, हे शिक्षकाला स्पष्ट बोलता आले पाहिजे. आणि रोगावर औषधाऐवजी नुसता उतारा सांगितला जातो, तिथे त्याने गप्प बसता कामा नये. राज्यघटनेचे कलम २८ पूर्णतः सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षणाला मनाई करते, तर १९७६ च्या दुरुस्तीने आलेले कलम ५१ क वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासणे हे नागरिकाचे कर्तव्य मानते. या दोहोंमध्ये धर्माविषयी माहिती देण्यास पुरेशी जागा उरते.

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेत किनवट आणि राजुरा हे तालुके मुंबई राज्यात गेले आणि उरलेला जिल्हा आंध्र प्रदेशात गेला. शाळांत मराठीची जागा हळूहळू तेलुगूने घेतली. देवनागरीतील गोंडी पुस्तकेही मागे पडली. पुढच्या पिढीच्या गोंड मुलांसमोर पुन्हा एकदा परकी भाषा आणि बहुधा परका शिक्षक उभा राहिला. हे नुकसान श्रद्धा आणि विज्ञान यांच्या भांडणाने केले नाही. प्रशासनाच्या सोयीने केले.

देवनागरीतील पुस्तके मागे पडली, तरी जिल्ह्यातील गुंजाळा गावी गोंडीच्या स्वतंत्र लिपीतील हस्तलिखिते मिळाली. २०१८ मध्ये ‘गुंजाळा गोंडी’ या नावाने त्या लिपीला युनिकोडमध्ये स्थान मिळाले. मारलवाईत राहिलेल्या त्या दांपत्यापैकी बेट्टी १९८७ मध्ये आणि हायमेनडॉर्फ १९९५ मध्ये वारले. दोघांच्या समाध्या मारलवाईत शेजारी शेजारी आहेत.